उलाळ

आमच्या वसईच्या वाड्यांमधून बैलगाड्या नाहीशा झाल्या आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे शब्दही गेले. जू, शिवळ, आख, साटा हे शब्द आज मुलांपुढे उच्चारले तर ती आपल्या तोंडाकडे पाहत राहतात. अशा गेलेल्या शब्दांपैकी 'उलाळ' हा एक. गाडीत मागच्या बाजूस भार अधिक झाला की जू वर उचलले जाई, बैलांच्या गळ्याला फास बसू लागे आणि गाडी मागे कलंडू पाही. अशी गाडी म्हणजे उलाळ गाडी. याउलट पुढे भार अधिक झाला तर ती 'धुरजड'. मग बैलांच्या मानेला काच पडे. केळीचे घड भरून झाले म्हणजे माझे वडील गाडीच्या पुढे उभे राहून जू हाताने किंचित उचलून पाहत. त्यांच्या हाताला एक वजन ठाऊक होते. जू हलके लागले तर दोन घड पुढे यायचे, जड लागले तर दोन घड मागे जायचे. हे झाल्याशिवाय गाडी स्टेशनच्या वाटेला लागत नसे.

हा शब्द पुन्हा माझ्या तोंडी आला तो इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलच्या एका उपनगरात, २०२३ सालच्या उन्हाळ्यात. माझी थोरली मुलगी तेथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमचे जावई २०२१ साली गेले. त्यांनी हौसेने घेतलेला एक छोटा ट्रेलर घरासमोर ताडपत्रीखाली उभा होता. आत दोन बिछाने, एक चूल, पाण्याची टाकी आणि मुक्कामी पोचल्यावर वर उचलायचे छप्पर, एवढाच त्याचा संसार. जावई दोन उन्हाळे तो ओढून समुद्रकाठी नेत असत. त्या वेळी त्यांच्याकडे मोठी मोटार होती. पुढे ती विकावी लागली आणि मुलीकडे तिची लहान मोटार तेवढी उरली. धाकट्या नातीने वसंत ऋतूतच विचारायला आरंभ केला होता, "या वर्षी जायचे का?" अखेर मुलगी म्हणाली, जायचे, ट्रेलर मीच ओढीन.

तिच्या शेजारच्या गृहस्थांनी मान डोलावून सांगितले की, इतका हलका ट्रेलर कोणतीही गाडी ओढील, त्यात शिकायचे ते काय? हे मत सार्वत्रिक आहे, आणि माझ्या मते त्यातच धोका आहे. रात्रपाळी करून आल्यावर मुलगी स्वयंपाकघरात कागद पसरून बसे. एकदा ती मला म्हणाली, "पप्पा, गाडी ट्रेलरला ओढील की नाही हा प्रश्नच नाही. ट्रेलर गाडीला ओढू लागला तर काय, हा प्रश्न आहे."

ब्रिटनमधील नियम थोडक्यात असे आहेत. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचे भरलेले वजन ७५० किलो किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त चालत नाही. ब्रेक असतील तर मोटार बनविणाऱ्याने ठरवून दिलेली मर्यादा पाळावी लागते. शिवाय जाणती माणसे सांगतात की, ट्रेलर मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये. हा कायदा नव्हे, शहाणपणाचा सल्ला आहे. मुलीची मोटार ११५० किलोची, ट्रेलरची कमाल मर्यादा ७५० किलोची, आणि त्याला ब्रेक होते. म्हणजे प्रमाण सुमारे ६५ टक्के. वेगळा परवानाही लागत नव्हता. जड ट्रेलरसाठी पूर्वी जी निराळी परीक्षा असे, तीसुद्धा १६ डिसेंबर २०२१ पासून रद्द झाली आहे. परीक्षा नाही म्हणून शिकणे नाही, असे मात्र तिने मानले नाही. एका क्लबाच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला ती पदरचे पैसे भरून गेली.

तेथे त्यांना एक गंमत दाखविली होती. फिरत्या पट्ट्यावर खेळण्यातला ट्रेलर चालत होता. त्याच्यात वजन पुढे ठेवले आणि बोटाने टिचकी मारली की तो दोनदा डोलून सरळ होई. तेच वजन मागे सरकवून तशीच टिचकी मारली की त्याचे डोलणे दर फेरीला वाढत जाई आणि शेवटी तो उलटून पडे. वजन तेच, टिचकी तीच, पट्ट्याचा वेगही तोच. बदलली ती फक्त वजनाची जागा. प्रत्येक जोडीचा, म्हणजे मोटार आणि ट्रेलर यांचा, एक वेग असतो. त्याच्या अलीकडे डोलणे आपोआप विरते, पलीकडे ते वाढत जाते. भार मागे गेला की हा धोक्याचा वेग खाली उतरतो. मोटार लहान आणि हलकी असेल तर तिची शेपूटच ट्रेलरबरोबर हलू लागते. मुलगी हे सांगत होती आणि मी उद्गारलो, "म्हणजे उलाळ गाडी!" तो शब्द तिला ठाऊक नव्हता. तिला वडिलांच्या जुवाची गोष्ट सांगितली तेव्हा ती उठून स्नानगृहातला वजनकाटाच घेऊन आली.

मोटारीच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरचे तोंड जो भार टाकते, तो ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा, असा तेथला संकेत आहे. तिच्या मोटारीच्या गोळ्याला पन्नास किलोंची मर्यादा होती. नातवाने गोळ्याच्या उंचीइतका लाकडाचा ओंडका कापला, काट्यावर उभा केला आणि ट्रेलरचे तोंड त्याच्यावर टेकवले. काटा बावीसवर थांबला. तीन टक्क्यांच्या आसपास. जू जवळजवळ हवेत.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. जावयांनी ट्रेलरच्या मागच्या भिंतीला स्वतःच्या हातांनी एक कपाट बसविले होते. त्यात त्यांची हत्यारांची पेटी होती, बिडाचे एक जाड पातेले होते, तंबूच्या लोखंडी मेखा आणि हातोडा होता, ट्रेलरला जोडायच्या मांडवाची घडी होती. ते गेल्यापासून त्या कपाटाला कोणी हात लावला नव्हता. त्यांची मोटार जड आणि लांब असल्यामुळे तिने हे सारे निभावून नेले असणार. लहान मोटारीला ते झेपणारे नव्हते.

हिशेब सोपा होता. आखापासून तोंड अडीच मीटरवर, मागचे कपाट आखाच्या मागे दीड मीटरवर. म्हणजे कपाटातला प्रत्येक किलो तोंडावरचा सहाशे ग्रॅम भार उचलून धरीत होता. पेटी, पातेले, मेखा, हातोडा मिळून एकोणतीस किलो भरले. मुलीने एकेक वस्तू बाहेर काढून अंगणात गवतावर मांडली. पातेले हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. मी काही बोललो नाही. तिची मुलेही बोलली नाहीत. मग तिने ते घरात नेऊन चुलीवर ठेवले आणि त्या रात्री त्यात आमटी केली. मांडवाची तेरा किलोंची घडी कपाटातून काढून आखाच्या किंचित पुढे, जमिनीलगत पट्ट्याने आवळून बसविली. पुन्हा ओंडका, पुन्हा काटा. अठ्ठेचाळीस.

नातवाला मागे दोन सायकली टांगायच्या होत्या. तीस किलो, दीड मीटर मागे. त्याने स्वतःच कागदावर आकडा काढला: अठरा किलो उतरणार, तीस उरणार. कागद त्याने मुकाट्याने खिशात घातला.

येथे थोडे विषयांतर करतो. माणसाने आपले घर मागे बांधून फिरावे, ही कल्पना काही फार जुनी नव्हे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टराने १८८५ साली केवळ हौसेखातर 'वाँडरर' नावाचे फिरते घर बांधून घेतले. ते भरते जवळजवळ दोन टन, ओढायला दोन घोडे, आणि वाटेतल्या लोकांना सावध करायला पुढे तीनचाकी सायकलवर नोकर! जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स या चाबूक बनविणाऱ्या कारखानदाराने मोटारीमागे ओढायचे घर केले, ते व्यापाराच्या फिरतीवर चित्रकार पत्नीची ताटातूट होऊ नये म्हणून. एरिख बाखेम यांची कथा तर विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी सरळ उभे उडणारे रॉकेट-विमान रचले होते. १ मार्च १९४५ रोजी त्याच्या पहिल्याच समानव उड्डाणात वैमानिक मरण पावला. त्याच बाखेम यांनी १९५७ साली एर्विन हायमर यांच्या साथीने हलका प्रवासी ट्रेलर सिद्ध केला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. त्या काळच्या लहान मोटारींना ओढता यावा, हा त्यामागचा विचार. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच त्याला 'एरिबा' हे नाव पडले.

पुन्हा अंगणात येतो. टायरांची नक्षी नव्यासारखी होती, आणि शेजारचे गृहस्थ तीही कौतुकाने पाहून गेले. परंतु टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. येथे होते '२३१५'. म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले, आठ वर्षांचे रबर. न फिरता उन्हापावसात उभ्या राहिलेल्या टायरचे वय आतून होत असते. मुलीने दोन्ही बदलले. पाण्याची चाळीस लिटरची टाकी रिकामी ठेवली, कारण पाणी मुक्कामी मिळते आणि वाटेत ते चाळीस किलोंचे हलते ओझे असते. सार्वजनिक काट्यावर नेऊन एकूण वजन करून घेतले. ते सातशेच्या आत होते. मोटारीचा क्रमांक ट्रेलरच्या पाठीवर लावला. एक बारीक पोलादी दोरी मोटारीला अडकवली. ट्रेलर निसटलाच तर ती आधी त्याचा हातब्रेक ओढते आणि मगच तुटते. दिवे लावून मुलांना मागे उभे केले: डावा, उजवा, ब्रेक. आपल्याकडे उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री महामार्गावर मागे एकही दिवा नसताना चालतात आणि त्यांच्यावर आदळून किती घरे उजाड होतात, हे मला त्या अंगणात उभे असताना आठवल्यावाचून राहिले नाही.

निघालो तो शनिवार होता. ओकहॅम्प्टनपर्यंतचा रस्ता, डार्टमूरच्या उत्तर कडेचे ते गाव. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला तेथे मोटारमार्गावर ताशी साठ मैलांची मर्यादा आहे आणि तीन पदऱ्यांच्या रस्त्यावर सर्वांत उजवी पदरी वर्ज्य. मुलगी पन्नासच्या वर गेली नाही. म्हणजे छप्पन मैलांवर बांधलेले मोठाले ट्रक आम्हाला ओलांडून जाणार हे उघडच होते. एव्हनमाउथचा पूल उंच आहे, खाली नदी, आणि त्या दिवशी वारा आडवा होता. आरशात एक भला मोठा ट्रक वाढत आला. असा ट्रक जवळ येतो तेव्हा त्याच्या पुढची हवा ट्रेलरला आधी बाजूला रेटते आणि तो पुढे निघू लागला की स्वतःकडे ओढून घेते. मुलीने ट्रक येण्याआधीच आपल्या पदरीत थोडे डावीकडे सरून घेतले. मागे गात असलेली नात गप्प झाली. ट्रेलर हलला, मोटारीच्या पाठीला ते जाणवले. एकदा, मग त्याहून कमी, मग नाही.

अशा वेळी काय करायचे हे मुलीने मला आधी सांगून ठेवले होते, बहुधा स्वतःलाच ऐकवण्यासाठी. चक्र सरळ आणि घट्ट धरायचे, डोलण्याच्या उलट वळवत बसायचे नाही. जोरात ब्रेक मारायचा नाही. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे ऐकायचे नाही. फक्त पाय उचलायचा आणि वेग आपला आपण उतरू द्यायचा. तिने पाय उचलला होता. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. बोटांची पेरे पांढरी झाली होती, पण हात हलले नव्हते. पूल संपल्यावर ती म्हणाली, "अठ्ठेचाळीस," आणि दीर्घ श्वास सोडला.

पुढे उतार लागले तेथे तिने माथ्यावरच गियर खाली घेतला. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो आणि वेग चोरपावलांनी वाढतो. तळाशी पोचल्यावर सावध होऊन उपयोग नसतो. चढावर आमच्या मागे मोटारींची रांग लागली. जागा सापडताच तिने बाजूला थांबून सर्वांना जाऊ दिले. मुक्कामी मागे घेताना मात्र तिला चार खेपा कराव्या लागल्या. लहान ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा फार चटकन आडवा होतो. वडिलांचे बैल मागे सरकतच नसत, गाडी हातांनी वळवावी लागे. मी तेच सुचविले. ट्रेलर सोडून आम्ही तिघांनी तो हाताने ढकलून जागी लावला. नातवाने चारही कोपऱ्यांचे पाय खाली उतरवले, नातीने छप्पर वर उचलायला हात लावला. तीन रात्री राहिलो. त्यांतल्या दोन पावसात गेल्या.

निघायच्या सकाळी मुलीने मुलांचे भिजलेले बूट आणि ओल्या सतरंज्या मागच्या कपाटात टाकल्या होत्या, आणि पुढच्या पेटीतले अन्नाचे डबे रिकामे झाले होते. नातवाने न सांगता ओंडका आणि काटा काढला. एकोणचाळीस. त्याने कपाट उघडून सतरंज्या बाहेर काढल्या आणि आखाच्या पुढे नेऊन ठेवल्या.