हिंदी, आणि मुसलमान?

मोरोक्कोतल्या तागाझूतला राहायला येऊन आठ महिने झाले. अगादीरच्या उत्तरेला, अटलांटिकच्या काठावरचं हे मच्छीमारांचं गाव आता सर्फिंगवर चालतं. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात दर्या खवळतो, होड्या वर ओढल्या जातात. इथे मोठ्या लाटा हिवाळ्यात येतात आणि गावाची कमाई तेव्हाच होते. फजर पढून परतताना बगलेत सर्फबोर्ड घेतलेले युरोपियन समोरून येतात.

अम्मी म्हणाली होती, ‘मुसलमानांचा देश आहे, परकं वाटणार नाही.’ पण इथे मालिकी मजहब, बरेच जण हात सोडून नमाज पढतात. मी कोकणी, शाफई, हात बांधणारा. घराघरात ताशेल्हित बोलतात, म्हणजे माझी मोडकी अरबीही पाहुणीच.

चहावाला मला ‘हिंदी’ म्हणतो. अरबीत हिंदी म्हणजे भारतीय. ‘मुसलमान असून मराठी किती छान बोलता!’ हे पुण्यात ऐकून कान किटले होते. इथे प्रश्न निराळा: ‘हिंदी, आणि मुसलमान?’ शाहरुख खानचं नाव घेतलं की लगेच पटतं. (बिचारा कुठेकुठे कामाला येतो!)

परवा त्याने विचारलं, घरी काय बोलता? मराठी. हे नाव त्याने ऐकलंच नव्हतं. म्हणाला, बोलून दाखव. मी लाटांकडे बोट करून म्हटलं, ‘आज दर्या खवळलाय.’ त्याने तेच ताशेल्हितमध्ये सांगितलं, आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.