पाळीचा कितवा दिवस?

एएमएचचा आकडा कमी आला आणि रिपोर्ट हातात देणाऱ्याने तोंडावर सांगून टाकलं, "अंडी संपत आलीत, घाई करा." एसटी तेरखेड्याच्या फाट्यावर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःला वांझ ठरवून मोकळी झाले होते.

पुढे बार्शीच्या एका डॉक्टरीणबाईंना तो कागद दाखवला. त्यांनी आधी विचारलं, "रक्त दिलं तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?" मला सांगता येईना. यात्रा झालेली. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा असते, आणि त्या तोंडावर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणणं आमच्याकडे सर्रास चालतं. मीही घेतल्या होत्या. देवीला चालत नाही हे कुणी ठरवलं कोण जाणे. ती तर स्वतः बाईच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी एफएसएच, एलएच ही संप्रेरकं दबतात. त्या महिन्याचे आकडे धरायचेच नाहीत."

मग त्यांनी नीट समजावलं. एफएसएच आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी बघायचे. अंडं फुटलं का, हे प्रोजेस्टेरॉन सांगतं. ते पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी. सगळे एकविसावा दिवस म्हणतात, पण तो अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणारीचा. माझी पस्तिसाव्या दिवशी येते, म्हणजे माझा अठ्ठाविसावा. एएमएच कोणत्याही दिवशी चालतं, पण त्यावरून साठ्याचा अंदाज येतो, अंड्याचा दर्जा कळत नाही. पाळी नियमित असेल तर तेवढ्यावरून दिवस राहणार नाहीत असं म्हणता येत नाही. "महिन्याला अंडं एकच लागतं ना?" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून पाळीच्या पहिल्या दिवशी मी कालनिर्णयावर पेन्सिलीने ठिपका देते. सासूबाईंनी तो दुधाचा खाडा समजून गवळ्याशी चांगलं भांडण केलं. भांडण मिटवायला मला खरं सांगावं लागलं. त्या गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी तारीख विचारलीच नाही. दोन-तीनदा अंगावरून गेलं की पिशवीच काढायची."

शेजारच्या बीड जिल्ह्यातलं ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. थायरॉईड कमी पडलं तरी पाळीत जास्त जाऊ शकतं, हे मला बार्शीत कळलं. त्यातल्या किती जणींचं थायरॉईडचं टीएसएच कुणी बघितलं असेल?

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तपासण्यांच्या चिठ्ठीवर नावं दोन होती, माझं आणि ह्यांचं. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी नि स्वस्त, म्हणून खरं तर ती आधी करायची. ह्यांचं म्हणणं, कारखान्यातली कामाची गर्दी सरली की बघू. मी म्हटलं, "तुम्हाला तर कितवा दिवस तेही बघावं लागत नाही. दोन ते सात दिवसांचं पथ्य, बस्स. सोमवारी जाऊ."