तीन सेंटिमीटर

आमच्या घरात गाड्या नेहमी वर उचलल्या गेल्या. अप्पांचं पाट्यांचं काम होतं, खोपोलीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून. बोरघाट चढण्याआधी नाहीतर उतरल्यावर ट्रक थांबायचे. कुणाचा मेन पाटा तुटलेला, कुणाची कमान बसलेली, कुणाला जास्त माल भरायचा म्हणून एक पाटा वाढवून हवा असायचा. अप्पा भट्टीत पाटा लाल करायचे आणि घणाने त्याला पुन्हा कमान द्यायचे. गाडी खाली करून मागायला आलेलं गिऱ्हाईक मी लहानपणी एकही पाहिलं नाही.

धाकट्या भावाने कर्ज काढून सात सीटची इलेक्ट्रिक व्हॅन घेतली. कर्जत स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्यांना तो कोंडिवड्याकडच्या फार्महाऊसवर सोडतो. अप्पांनी सहा महिने त्या गाडीखाली डोकावूनही पाहिलं नव्हतं. "इंजिन नाही, पाटे नाहीत. यात माझं काय?" म्हणायचे.

मग गेल्या हिवाळ्यात भावाने ऑनलाइन लोअरिंग स्प्रिंगचा सेट मागवला. आखूड आणि मूळ स्प्रिंगपेक्षा साधारण वीस टक्के कडक. गाडी तीन सेंटिमीटर खाली बसणार होती. त्याच्याकडे कारणं तयार होती: वळणावर गाडी कमी झुकेल, वारा कमी अडेल, रेंज वाढेल. खरं कारण लूक होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी आधी कायदा काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. भाऊ म्हणाला, "ताई, स्प्रिंग कोण बघतंय?" मग रेंजचा मुद्दा घेतला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० च्या वेगाला जेवढा असतो, त्याच्या चौथा हिस्सा ४० ला. एक्सप्रेसवेवर रोज धावणाऱ्या गाडीला थोडा फायदा होईलही. पळसदरीच्या वळणांवर काय होणार? हेही त्याने ऐकून सोडून दिलं.

अप्पा तोवर गप्प होते. त्यांनी खोक्यातली एक स्प्रिंग उचलली, वेढे मोजले आणि विचारलं, "माणसं भरल्यावर गाडी किती बसते?"

भावाला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून तांदळाची पन्नास-पन्नास किलोची आठ पोती आणली. पाहुणे आणि त्यांच्या बॅगा धरून तेवढंच वजन होतं. रिकामी गाडी जमिनीपासून १७० मिलिमीटर, भरलेली १२५. म्हणजे मूळ स्प्रिंग ४५ मिलिमीटर दबली. नवी स्प्रिंग कडक म्हणून ती ३७-३८च दबेल, पण सुरुवातच तीस मिलिमीटर खालून करेल. कागदावर हिशेब केला तर भरलेली गाडी आजच्यापेक्षा दोन-सव्वादोन सेंटिमीटर खाली.

"मग उघडायची कशाला? दोन सेंटिमीटरचं थर्माकोल लाव खाली," अप्पा म्हणाले. "त्याला घासलं तर गाडीला घासेल."

स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल आणलं, डबल टेपने बॅटरीच्या तळाला तीन पट्ट्या चिकटवल्या आणि आम्ही तिघं खोपोलीहून निघालो. अप्पा पुढच्या सीटवर, मांडीवर टेप. आमच्या वजनाची दोन-चार पोती घरी उतरवून ठेवली होती.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या नियमावलीतला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर २.८ मीटर. म्हणजे पोट गतिरोधकाच्या माथ्यावर येतं तेव्हा पुढची-मागची चाकंही त्याच्याच उतारावर चढलेली असतात आणि पोटाला सहा सेंटिमीटर पुरतात. पण गावातला गतिरोधक म्हणजे रात्रीत टाकलेला डांबराचा वरवंटा. चाकं दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर आणि वरवंटा मधोमध. एका ठिकाणी उतरून मोजला, ११ सेंटिमीटर भरला. तिथे खालून करकर आवाज आला. या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे तो जास्तच स्पष्ट आला. दुसऱ्यांदा आला तो एका फार्महाऊसच्या गेटच्या चढावर, जिथे भावाला रोजच जावं लागतं.

तिथे गाडी थांबवून अप्पा गुडघे टेकून वाकले. मधली पट्टी अर्धी उडाली होती. ट्रकखाली पाटा लोंबला तर तो दिसतो, बदलता येतो. इथे सगळा तळ म्हणजे बॅटरी, गाडीतली सगळ्यात महाग वस्तू. तिच्या कव्हरला तडा गेला आणि पावसात पाणी आत शिरलं, तर कर्जाचे हप्ते चालू राहतील आणि गाडी उभी. भावाने तो हिशेब मनात केला असावा. तो काहीच बोलला नाही.

सेट परत करायला अजून चार दिवस होते. त्याने तिसऱ्या दिवशी केला. वळणावरच्या झुकण्यासाठी अप्पांनी टायरची हवा आणि अलाइनमेंट तपासून घ्यायला सांगितलं, शिवाय एक्सलेटर जरा सांभाळून दाबायला. मोबाइलवर खाली बसवलेल्या व्हॅनच्या रील्स तो अजून बघतो. एखादी मलाही दाखवतो, आणि खरं सांगायचं तर गाडी देखणी दिसते.

मला मात्र आता कुठलीही गाडी पाहिली की वाटतं, तिची उंची म्हणजे कुणीतरी लांब बसून बांधलेला अंदाज आहे: या गाडीत इतकी माणसं बसतील, रस्ते इतके वाईट असतील. तो अंदाज बदलायचा हक्क असेल नसेल, पण बदलणाऱ्याला निदान आपली माणसं आणि आपला रस्ता मोजलेला असावा. अप्पांनी चाळीस वर्षं तेच मोजलं.

पावसाळ्याआधी भावाने गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा अप्पा न बोलावता गेले. बॅटरी घेऊन खालून हळूहळू चालत होते. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, "टॉर्चची बॅटरी खाली धर जरा. त्या मोठ्या बॅटरीवर ओरखडा आहे का बघू."