लोहाराचा भाता आणि तीन मिनिटांचा दंड

१/ १९१३ साली फ्रान्समधील एका सायकलपटूला दंड झाला. त्याचा अपराध असा की, तो लोहाराच्या भट्टीत आपली मोडलेली सायकल दुरुस्त करीत असताना एका मुलाने त्याच्यासाठी भाता ओढला. 'टूर द फ्रान्स' या शर्यतीचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर विजेत्यांच्या यादीपेक्षा ही हकीकत अधिक उपयोगी पडते. त्या हकीकतीचा हा धागा. 🧵

२/ या शर्यतीचा जन्म क्रीडाप्रेमातून झाला असे समजण्याचे कारण नाही. तो झाला वर्तमानपत्राच्या खपासाठी. पिवळ्या कागदावर छापले जाणारे 'लोतो' हे दैनिक हिरव्या कागदावरील 'ल व्हेलो' या प्रतिस्पर्ध्यापुढे मागे पडत होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये जेओ लफेव्र या तरुण वार्ताहराने संपादक आंरी देग्रांज यांना सुचविले : संपूर्ण फ्रान्सला वळसा घालणारी शर्यत भरवावी.

३/ १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँजरों येथून ६० स्वार निघाले. टप्पे सहा, अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. एकेक टप्पा इतका लांब, की रात्रीही पायडल मारावे लागे. शेवटपर्यंत २१ जण पोहोचले. पहिला आला मोरिस गारँ. घरांची धुराडी साफ करणे हा त्याचा पूर्वीचा व्यवसाय. त्याची आघाडी जवळजवळ तीन तासांची होती. 'लोतो'चा खप वाढला. 'ल व्हेलो' पुढच्याच वर्षी बंद पडले.

४/ १९०४ ची शर्यत म्हणजे चातुर्याचे प्रदर्शनच. रस्त्यावर खिळे पसरले गेले, गावकऱ्यांनी आपला माणूस पुढे जावा म्हणून परक्यांना मारहाण केली, आणि काही स्वारांनी सायकलऐवजी मोटारीचा व आगगाडीचा आधार घेतल्याचे आरोप झाले. अखेर गारँसह पहिले चौघेही बाद ठरले. पाचवा आलेला विशीतही न पोहोचलेला आंरी कोर्ने घरबसल्या विजेता झाला.

५/ यानंतर देग्रांज यांनी नियमांचा धाक वाढविला. त्यांतला सर्वांत कडक नियम असा : स्वाराने बाहेरच्या कोणाचीही मदत घ्यायची नाही. चाक फुटो, साखळी तुटो, जे मोडेल ते ज्याचे त्याने दुरुस्त करायचे. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत स्वारांच्या खांद्यांवर टायर गुंडाळलेले दिसतात. सायकलपटू हा निम्मा कारागीरही असावा लागे.

६/ शर्यतीचे गणितही बदलले. १९०५ पासून वेळेऐवजी गुण मोजले जाऊ लागले. टप्प्यात दुसरा आलेला स्वार एका मिनिटाने मागे असो वा एका तासाने, हिशेब तोच. या पद्धतीचा फटका १९१२ साली यूजेन क्रिस्तोफला बसला. झुबकेदार मिशांचा हा स्वार मूळचा कुलपे बनविणारा कारागीर. वेळ मोजली असती तर तो पहिला ठरला असता. गुणांमुळे दुसरा ठरला. १९१३ मध्ये पुन्हा वेळ मोजायचे ठरले. आता तरी त्याचे दिवस येणार, असे वाटत होते.

७/ ९ जुलै १९१३. टप्पा बायोन ते लुशाँ, ३२६ किलोमीटर, पिरेनीज पर्वतातून. वाटेत तूर्मालेची खिंड, उंची २,११५ मीटर. मुंबई-पुणे शर्यतीतील 'घाटाचा राजा' हा किताब ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने बोरघाट एकावर एक तीन-चार वेळा रचून पाहावा, म्हणजे कल्पना येईल. त्यात रस्ता कच्चा, आणि सायकलला आजच्यासारखे गिअर नाहीत.

८/ क्रिस्तोफ खिंड ओलांडून उतरणीला लागला. एकूण क्रमवारीतील आघाडी त्याच्या हाती येण्याच्या बेतात होती. तेवढ्यात पुढचे चाक धरून ठेवणारा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो डोंगर पायी उतरू लागला. दहा किलोमीटरहून अधिक चालून तो सेंत-मारी-द-कांपां या खेड्यात पोहोचला. वाटेत ज्यांना त्याने मागे टाकले होते, ते सारे एकेक करून पुढे निघून गेले.

९/ गावात लोहाराची भट्टी होती, लोहारही होता. पण त्याने हात लावायचा नाही! कारण शर्यतीचे अधिकारी दारात उभे. लोहाराने तोंडी सांगायचे आणि क्रिस्तोफने घण घालायचा, असे तीन तास चालले. असे सांगतात की, अधिकाऱ्यांना भूक लागली आणि त्यांनी खाणे आणायला जाण्याची भाषा केली, तेव्हा क्रिस्तोफने त्यांना भट्टीतले कोळसे खाण्याचा सल्ला दिला. कैद्याला सोडून पहारेकऱ्यांनी जेवायला कसे जायचे?

१०/ दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून भाता मात्र एका मुलाने ओढला. नियमभंग! दंड दहा मिनिटे; पुढे उदार होऊन तो तीन मिनिटांवर आणण्यात आला. सुमारे चार तास गमावलेल्या माणसाला ही सवलत. तरीही त्याने तो टप्पा पूर्ण केला आणि पॅरिस गाठून सातवा आला.

११/ मग महायुद्ध आले. ल्युसियँ पती-ब्रेताँ, फ्रांस्वा फाबेर आणि ओक्ताव लापीझ हे तिन्ही माजी विजेते त्यात मरण पावले. १९१९ च्या शर्यतीत शेवटपर्यंत डझनभर स्वारही टिकले नाहीत. त्याच वर्षी आघाडीवरच्या स्वाराला 'लोतो'च्या कागदाच्या रंगाची पिवळी जर्सी देण्याची प्रथा पडली. ती पहिल्यांदा घातली क्रिस्तोफने. प्रेक्षक त्याला पिवळा पक्षी म्हणून चिडवीत. विजय दोन टप्प्यांवर आला असताना, वालांसिएनजवळ, फोर्क पुन्हा मोडला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा स्वतःच्या हातांनी. शर्यत फिर्मँ लांबोने जिंकली. क्रिस्तोफ तिसरा आला.

१२/ या वेळी मात्र लोकांना राहवले नाही. 'लोतो'ने वर्गणी उघडली, आणि जमलेली रक्कम विजेत्याच्या बक्षिसाहून मोठी भरली. १९२२ साली सदतिसाव्या वर्षी त्याने पुन्हा पिवळी जर्सी मिळविली, आणि गालिबिये घाटात त्याचा फोर्क तिसऱ्यांदा मोडला. त्या वर्षीही विजेता लांबोच. तोही एकसुद्धा टप्पा न जिंकता.

१३/ आज शर्यतीत चाक बिघडले तर मागून संघाची मोटार येते आणि काही क्षणांत नवी सायकल मिळते. क्रिस्तोफने ही शर्यत कधीच जिंकली नाही. पण सेंत-मारी-द-कांपां येथे त्या भट्टीच्या जागी त्याच्या नावाची पाटी आहे, आणि घाट चढून येणारे हौशी सायकलस्वार तिथे थांबतात. भाता ओढणाऱ्या मुलाचे नाव पाटीवर नाही. दंडाची ती तीन मिनिटे खरे तर त्याची होती.