दम धरण्याचं काम

कुंभकोणमच्या पूर्वेला, आडुतुरैजवळ गोविंदपुरम् नावाचं छोटं गाव आहे. मराठी माणूस तिथे जातो तो विठ्ठलासाठी. मराठी धाटणीचं उंच शिखर आणि तमिळ गळ्यांतून उमटणारे तुकोबा-नामदेवांचे अभंग त्याला सुखावतात. पण गावाची कीर्ती या देवळाहून बरीच जुनी आहे. नामसिद्धांत मांडणाऱ्या बोधेंद्र सरस्वतींनी १६९२ मध्ये इथे समाधी घेतली. परंपरा सांगते की ती जागा पुढे नदीच्या वाळूखाली गेली, विसरली गेली, आणि मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी पात्रात पावलापावलावर वाळूला कान लावून ती हुडकली. बांधकामाला मदत केली ती तंजावरच्या मराठा राजाने. बोधेंद्रांचं म्हणणं थोडक्यात असं, की नाम घेताना भाव दाटला नाही, श्रद्धा डळमळली, तरी नाम आपलं काम करतंच; घेत राहणं महत्त्वाचं. भक्तिमार्गातल्या जाणत्यांनी यावर पुष्कळ वाद घातला आहे, त्यात पडायची माझी योग्यता नाही. माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा, म्हणजे आवर्तनं मोजण्याचा. गुडघ्याखाली ठेवलेली टॉवेलची गुंडाळी दाबताना माणूस उत्साहात होता की वैतागलेला, याची मांडीचा स्नायू चौकशी करत नाही. तो फक्त मोजतो. म्हणून हा सिद्धांत मला आपल्या धंद्यातला वाटतो.

मथळ्यांत ही मोजणी येत नाही. खेळाडू मोठ्या दुखापतीतून परतला की आपल्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो: ‘जिद्दीच्या जोरावर पुनरागमन’. माझा आक्षेप नेमका ‘जिद्द’ या शब्दावर आहे. जिद्द खेळाडूकडे दुखापतीच्या आधीपासूनच असते, नसती तर तो त्या पातळीवर पोचलाच नसता. त्याच्याकडे नसतो तो दम. हा शब्द आपल्याकडे मैदानातूनच आला असावा असं वाटण्याइतका तिथे मुरलेला आहे. हुतूतू काय किंवा तमिळ मुलखातलं सडुगुडू काय, चढाई करणाऱ्याने एका श्वासात एकच शब्द घोळवत राहायचं. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात दम तुटला की तो बाद. पाय कितीही चपळ असोत, नियम श्वासाला बांधलेला. दुखापतीनंतर लागतो तो हाच दम, फक्त तो तीस सेकंदांऐवजी नऊ-दहा महिने धरायचा असतो. खेळाडूला नवी दृष्टी येते असं म्हणतात, ती मला जिद्दीकडून दमाकडे सरकण्यात दिसते. दुःखाने माणूस शहाणा होतो हे मला पटत नाही, दुःखाने माणूस बहुतेक वेळा नुसता थकतो.

पुरावा गुडघ्यातच आहे. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला तिरका दोर, तुटला की बहुधा मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा काढून त्या जागी बसवतात. हा ग्राफ्ट बसवला त्या दिवशी धडधाकट असतो. मग त्याचा रक्तपुरवठा नसल्याने आतल्या पेशी मरतात, हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि कंडरेचं लिगामेंट व्हायला लागतं. या उलथापालथीत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सर्वांत कच्चा असतो. आणि नेमका याच सुमारास गुडघा दुखायचा थांबलेला असतो! सूज उतरलेली, चाल सरळ झालेली, जिना चढता येतो. जिद्द म्हणते, आता पळू. दुखणं हा खेळाडूचा आयुष्यभराचा पंच असतो, त्यानेच इथे शिट्टी वाजवणं बंद केलेलं असतं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा दर दर महिन्यामागे ५१ टक्क्यांनी घटला. नुसत्या थांबण्याने इतकं पदरात टाकणारा दुसरा उपचार माझ्या माहितीत नाही.

थांबणं म्हणजे पडून राहणं मात्र नव्हे. गुडघ्यात पाणी भरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूमच मंदावतो. स्नायू जागेवर असतो, पण ऐकत नाही. दंडबैठका मारणारा गडी पाय सरळ ठेवून गुडघ्याखालचा टॉवेल दाबायला बसतो आणि वाटी जराही वर सरकत नाही. चेहरा लाल होतो, दात आवळले जातात, जबडा काम करतो, मांडी करत नाही. इथे जोर लावून काही होत नाही. दाबायचं, पाच मोजायचे, सोडायचं, दहादा. थोड्या वेळाने पुन्हा. काही दिवसांनी वाटी केसभर वर सरकते आणि तिच्या आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा स्नायू किंचित उठतो. बाहेरच्याला तो दिसणारही नाही. मग टेपने मांडीचा घेर मोजायचा, दोन्ही पायांचा. पुढे एका पायावर लंगडी घालून अंतर मोजायचं. दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत तरी यावं, अशी आमची साधारण अट. ज्याने आजवर फक्त समोरच्याशी तुलना केली, तो आता उजव्या पायाची तुलना डाव्याशी करतो, आजची कालशी करतो. लंगडी म्हणजे लहान मुलींचा खेळ असं समजणारे भलेभले इथे ताळ्यावर येतात, हा भाग वेगळा.

यावर कोणी सांगलीच्या स्मृती मानधनाचं उदाहरण देईल, आणि द्यावंच. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये तिच्या एसीएलला दुखापत झाली. विश्वचषकाची पात्रता फेरी हुकली. तरी २४ जूनला डर्बीत तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या आणि पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. पाच महिन्यांत! मग नऊ महिन्यांचा हट्ट कशाला? पहिली गोष्ट, प्रत्येक एसीएल सारखं दुखावत नाही आणि प्रत्येक खेळ गुडघ्याकडून सारखं मागत नाही. क्रीजमधून फटका मारणं वेगळं, घोटा धरलेल्या अवस्थेत मधल्या रेषेकडे अंग पिळणं वेगळं. दुसरी गोष्ट त्याच स्पर्धेत पुढे घडली. त्या दोन डावांनंतर तिच्या धावा आटल्या आणि लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. तो दोष गुडघ्याचा होता असं मी म्हणणार नाही, तो फलंदाजीचाही असू शकतो. पण पुनरागमन ही एका तारखेची घटना नसते एवढं त्यातून दिसतं. मथळा शतकाच्या दिवशी छापला गेला. पुढची वर्षं ती जे खेळली त्यात दम होता.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या स्टीपलचेस शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी पडला आणि त्याचंही एसीएल गेलं. स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. पाण्याच्या खड्ड्यात उतरताना सगळा भार एकाच पायावर येतो. राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर आणणाऱ्या माणसाला आधी कोरड्या जमिनीवर एका पायाने नीट उतरायला पुन्हा शिकावं लागतं. ज्याचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो, त्याला महिन्यांत मोजायला लावणं ही क्रूर थट्टा वाटेल, पण त्याला दुसरा रस्ता नाही.

आणि जे परतत नाहीत त्यांचं काय? हा आक्षेप सर्वांत खरा आहे. हेलसिंकीत १९५२ मध्ये कुस्तीत कांस्य जिंकणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाता आलं नाही. गुडघ्यात दुर्बीण घालून दुरुस्ती करण्याची सोय त्या काळी नव्हती. त्यांनी कितीही दम धरला असता तरी वैद्यकाकडे द्यायला फार काही नव्हतं. पुढे पोलीस दलात त्यांनी खेळाडूंना शिकवलं, हे मोलाचंच. पण ते हुकलेल्या ऑलिंपिकची भरपाई होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुखापत म्हणजे वेष बदलून आलेलं वरदान, ही भाषा ज्यांचं काही गेलं नाही त्यांनी वापरू नये.

मानधना आणि साबळे यांच्यामागे तज्ज्ञ उभे राहतात. जत्रेतल्या बक्षिसासाठी खेळणाऱ्या पोराकडे एमआरआयला पैसे नसतात. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी त्याला प्रमाणपत्र हवं असतं, पोलीस भरतीचे सोळाशे मीटर पळायचे असतात, आणि वय थांबत नाही. त्याला नऊ महिने थांब म्हणणं सोपं आहे, त्या नऊ महिन्यांत घर कोण चालवणार हे मला सांगता येत नाही. म्हणून दमाचा सगळा भार एकट्या खेळाडूवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. हुतूतूत दम एकाचा असला तरी संघ सात जणांचा असतो. प्रशिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, बाप, प्रेक्षक, हे सगळे त्या पोराला लवकर उतरवणाऱ्यांत असतात. टॉवेल घरोघरी आहे, मोजायची टेप शिंप्याकडेही मिळते. घाई मात्र बाहेरून पुरवली जाते. यंदाच्या जत्रेत गुडघ्याला पट्टा आवळून कोणी चढाईला निघाला, तर टाळी वाजवायच्या आधी त्याच्या प्रशिक्षकाला एकच विचारा: ऑपरेशनला कितवा महिना चालू आहे?