बर्फावरचा मास्तर

आमच्या हुबळीत बर्फ म्हटला की भुशात गुंडाळलेली लादी आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर फडक्यात घालून फोडला जाणारा खडा, एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या बर्फावर पाते लावलेले बूट चढवून माणसे हॉकी खेळतात, हे ठाऊक असले तरी मनाला चटकन पटत नाही. हॉकी आम्हाला परकी नाही. शेजारच्या बेळगावचे बंडू पाटील १९६४ साली टोकियोला सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. पण ती आपली मातीतली, गुडघे फोडणारी हॉकी.

बर्फावरच्या हॉकीशी माझा परिचय झाला तो मुलीमुळे. ती नोकरीनिमित्त अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तेथे सेंट पॉल शहरात एक पुतळा पाहिला. दोन्ही हात उंचावून उभा असलेला, आनंदाने भान हरपलेला एक माणूस. मला वाटले, कोणी सेनापती किंवा गव्हर्नर असावा. जावई म्हणाले, "नाही हो मामा, हे हर्ब ब्रुक्स. इथल्या युनिव्हर्सिटीचे हॉकीचे कोच."

मास्तराचा पुतळा! मी पडलो हेडमास्तर. साहजिकच कुतूहल जागे झाले, आणि परत येईपर्यंत या माणसाविषयी मिळेल ते वाचून काढले.

ब्रुक्स १९३७ साली सेंट पॉललाच जन्मले. मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळले. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ निवडला गेला, त्यातून अगदी शेवटी जे नाव गळाले ते त्यांचे. तो संघ सुवर्णपदक जिंकून आला. ब्रुक्स पुढे १९६४ आणि १९६८ ची ऑलिंपिके खेळले, पण पदक मिळाले नाही. १९७२ मध्ये ते आपल्याच विद्यापीठाचे कोच झाले आणि सात वर्षांत तीनदा, १९७४, १९७६ व १९७९ साली, त्यांनी राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद आणले.

मग १९८० चे लेक प्लॅसिड ऑलिंपिक आले. समोर सोव्हिएत रशियाचा संघ. आधीची सलग चार सुवर्णपदके त्यांची. खेळाडू नावाला सैन्यातले, पण बारा महिने तेरा काळ हॉकीच खेळणारे. अमेरिकेची पोरे बहुतेक कॉलेजातली. वीस जणांत नऊ जण मिनेसोटा विद्यापीठाचे, म्हणजे ब्रुक्स यांच्या हाताखालून गेलेले. स्पर्धेच्या तोंडावर न्यूयॉर्कला झालेल्या सामन्यात रशियाने त्यांचा १०-३ असा धुव्वा उडवला होता. आणि २२ फेब्रुवारीला याच पोरांनी रशियाला ४-३ ने हरवले. दोन दिवसांनी फिनलंडला नमवून सुवर्णपदक घेतले.

मला या सगळ्यात सर्वांत भावली ती एक छोटी गोष्ट. रशियावरचा विजय झाला, पोरे एकमेकांच्या अंगावर उड्या घेऊ लागली, सभागृह दणाणून गेले, तेव्हा कोच तेथे नव्हते. ते पाठ फिरवून ड्रेसिंग रूमकडे निघून गेले होते. तो क्षण पोरांचा होता, त्यात आपण कशाला, असे त्यांना वाटले असावे. पुतळ्यात हात उंचावून उभा असलेला माणूस प्रत्यक्षात किती लवकर बाजूला झाला होता!

त्याच वर्षी जुलैत मॉस्कोला भारताने स्पेनला हरवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. योगायोग असा, की तोही सामना ४-३. आमच्या स्टाफरूममध्ये मी सहज विचारले, कर्णधार कोण? चौघांनी एकदम भास्करन यांचे नाव घेतले. कोच कोण? सगळे गप्प. ते होते बालकिशन सिंग. स्वतः १९५६ च्या सुवर्णविजेत्या संघात खेळलेले. त्यांचे नाव सांगितल्यावरही कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही.

ब्रुक्स यांची पुढची वाटचालही पाहण्यासारखी आहे. न्यूयॉर्क रेंजर्ससारख्या मोठ्या धंदेवाईक संघाला त्यांनी चार वर्षे शिकवले. तेथून निघाल्यावर १९८६ साली हा ऑलिंपिक जिंकलेला माणूस सेंट क्लाउड नावाच्या गावच्या कॉलेजात गेला, आणि ते कॉलेज तेव्हा तिसऱ्या श्रेणीत खेळत होते! आपल्याकडे कोणी असे केले तर लोक म्हणतील, उतरती कळा लागली. तेथे ते एकच वर्ष राहिले. पण १९८७ मध्ये तो संघ पहिल्या श्रेणीत गेला, दोन वर्षांनी त्याला स्वतःचे बर्फाचे मैदान मिळाले, आणि २०१३ पासून त्या मैदानाला ब्रुक्स यांचेच नाव आहे. ते पाहायला मात्र ते नव्हते. २००२ मध्ये अमेरिकेला पुन्हा रौप्यपदकापर्यंत नेऊन २००३ च्या ऑगस्टमध्ये मोटार अपघातात ते गेले.

कॉलेजच्या कोचचा धंदा मोठा चमत्कारिक. मूर्तिकाराची मूर्ती घडली की घडली. याची मूर्ती चार वर्षांनी उठून चालू लागते, आणि पुन्हा मातीचा गोळा समोर. पोरे दरवर्षी अठरा-एकोणीसचीच असतात, वय वाढते ते याचे. आपल्या कॉलेजांतले फिजिकल डायरेक्टर घ्या. झोनल स्पर्धा, जेवणभत्त्याच्या पावत्या, रेल्वे कन्सेशनचे फॉर्म, यातच त्यांची हयात जाते. एखादा पोरगा 'युनिव्हर्सिटी ब्लू' झाला तर तो कोट मिरवतो पोरगा, आणि तेच योग्यही आहे.

आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची जागा अद्याप भरलेली नाही. पत्रांची थप्पी माझ्या कपाटात आहे, उत्तर नाही. मैदानावरचा तास रिकामा दिसला की गणिताचे सर येतात, विज्ञानाच्या बाई येतात : "सर, तेवढा तास द्या, एस.एस.एल.सी.चा निकाल वाढेल." पालकही तेच म्हणतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. निकालाच्या टक्क्यांवर शाळेची पटसंख्या ठरते, आणि पटसंख्येवर शिक्षकांच्या नोकऱ्या.

पण मला आठवतात ते या मास्तरांचे विद्यार्थी. त्यांतला एकही ऑलिंपिकला गेला नाही. एक रेल्वेत लागला, एक पोलिसात, एकाचे दुर्गदबैलला भांड्यांचे दुकान आहे. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यायचा, हे यांना कोणत्या पुस्तकातून शिकवायचे होते? ते गणिताच्या तासाला शिकवता येत नाही. मी स्वतः तीस वर्षे मराठी शिकवले आहे, म्हणून सांगतो, माझ्याही तासाला येत नाही.

तेव्हा या वर्षी वेळापत्रक लावताना मैदानाचा तास कोणाला द्यायचा नाही, असे ठरवले आणि तसे सही करून फळ्यावर लावले. निकाल दोन टक्क्यांनी घसरला तर जाब मला विचारा. निवृत्त मास्तरांना निरोप धाडला आहे. गुडघे दुखतात म्हणाले, पण शिट्टी अजून जपून ठेवली आहे. शनिवारी सकाळी येतो म्हणाले.