भुललेले पहारेकरी

शरीर हा एक दुर्ग आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी हे त्यावरील पहारेकरी, ही उपमा आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलों. आम्हां पिंपरी-चिंचवडकरांस ती विशेष पटते. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला; रोग म्हणजे बाहेरून आलेला शत्रु आणि पेनिसिलीन ही त्यावर धाडलेली कुमक, हें गणित येथें सहज रुजलें. कर्करोगानें मात्र तें चुकविलें.

१८८२ सालीं मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक अळींत काटा खुपसला, तों कांहीं पेशी त्याभोंवतीं गोळा झालेल्या त्यास दिसल्या. याच भक्षक पेशी. जंतु गिळावे, मृत कचरा उचलावा, जखम भरावी, हें त्यांचें व्रत. पण जखम भरावयाची म्हणजे नव्या रक्तवाहिन्या काढणें आणि भोंवतालचें तंतुजाल सैल करणें आलेंच. गांठ नेमकी हीच सेवा मागून घेते. ती आपल्या स्रावांनीं भक्षक पेशींस बोलावते. त्या उलट कर्कपेशींस वाढीचें द्रव्य पुरवितात. आणि दोघी जोडीनें रक्तवाहिनीच्या भिंतीपर्यंत चालत जातात. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, स्तनाच्या कर्करोगाची उपजत प्रवृत्ति असलेल्या ज्या उंदरांत भक्षक पेशींस पोसणारें एक द्रव्य नव्हतें, त्यांस गांठ झालीच. फुप्फुसांत तिचा प्रसार मात्र मंदावला.

यास फितुरी म्हणावें काय? चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं सुमारें दोन महिने लढविला. तो पडला तो सुरुंगानें, फितुरीनें नव्हे. भक्षक पेशीही फितूर नव्हे. ती भुललेला चाकर आहे. हुकूम नेहमींचाच, हुकूम देणारा मात्र बदललेला.

हा भेद शब्दांपुरता नाहीं. आमच्या धाकट्या भगिनीस हा रोग झाला तेव्हां कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनीं 'प्रतिकारशक्ति वाढविणारें' चूर्ण स्नेहानें आणून दिलें आणि शस्त्रक्रिया महिनाभर लांबविण्यास सुचविलें. आम्ही त्यांस विचारलें, कोणती शक्ति वाढवावयाची? मारणारी कीं वाट करून देणारी? नुसते पहारेकरी वाढवून किल्ला राखला जात नाहीं. त्यांस शत्रु ओळखतां आला पाहिजे. मुंबईची आय. आय. टी. व टाटा रुग्णालय यांच्या सहकार्यानें सिद्ध होऊन २०२३ सालीं मान्यता पावलेल्या नेक्सकार१९ या उपचारांत रोग्याच्याच टी-पेशी काढून त्यांस ही ओळख शिकवितात. तो उपाय कांहीं रक्तकर्कांपुरताच आहे. परंतु त्यामागील विचार आम्हांस खरा वाटतो.

भगिनीची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीं झाली. चूर्णाची डबी शेजाऱ्यांच्या स्नेहाचा मान म्हणून आम्ही फडताळांत ठेविली आहे. उघडली मात्र नाहीं.